आवार आवरण्यापूर्वी : इमारतीच्या व्यवस्थापक समितीला खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव व व्यवस्थापक समितीचे सर्व सदस्य

सप्रेम नमस्कार.

सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये तुमची नवी सूचना लागलेली पाहिली. माझ्या कडेवर धाकटा होता. वय सतरा महिने. कागद दिसला की ओढायचा, एवढंच सध्या त्याचं धोरण. सूचनेचा डावा कोपरा फाटलाय तो त्यामुळे, आणि त्याबद्दल मी दिलगीर आहे. उरलेल्या मजकुराबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचंय.

तक्रारवहीत चार ओळी खरडून मोकळा झालो असतो. याआधी तीनदा तसंच केलं, घसरगुंडीबद्दल. त्याकडे पुढे येतोच. पण वहीतलं वहीतच राहतं, आणि अशा सूचना काही फक्त आपल्याच लिफ्टमध्ये लागत नाहीत. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

ज्यांनी सूचना वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गोषवारा असा. आवारात सायकल, चेंडू आणि स्कूटरला बंदी. मुलांनी खेळायचं ते संध्याकाळी 5 ते 6 या वेळेतच, तेही ‘शांतपणे’. जिन्याखाली बाबागाड्या दिसल्या तर उचलून नेल्या जातील. गोंगाटाची तक्रार आल्यास घरच्यांना दंड. आणि सर्वात खाली, ठळक अक्षरांत : ‘मातांनी आपापल्या मुलांना आवरावे.’

मी बाप आहे. रोज संध्याकाळी या दोघांना घेऊन मीच खाली येतो. तुमच्यापैकी दोघे जण गाडी लावताना मला रोज बघतात, हातही करतात. तरी सूचना लिहिताना कुणाला मी आठवलो नाही. असो. निदान मला तरी या सूचनेने आवरायला सांगितलेलं नाही, अशी पळवाट काढून मी गप्प बसू शकलो असतो.

‘चला, खाली जाऊ’ म्हटल्यापासून खरोखर खाली पोचेपर्यंत आमच्याकडे पंचवीस मिनिटं जातात. थोरली साडेचार वर्षांची. बूट तिचे तिलाच घालायचे असतात, उजव्यात डावा आणि डाव्यात उजवा. सांगितलं तर रुसवा, नाही सांगितलं तर जिन्यात ठेच. दोन्ही बूट नीट बसले की शू लागते. तोवर धाकट्याने एक मोजा काढून कुठेतरी दडवलेला असतो. लिफ्टचं बटण थोरलीनेच दाबायचं असतं. धाकट्याचा हात चुकून आधी पोचला, तर खाली गेलेली लिफ्ट पुन्हा वर आणावी लागते आणि सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागतो. आमच्यामुळे ज्यांना कधी लिफ्टसाठी ताटकळावं लागलं असेल, त्यांचीही माफी मागतो.

एवढं करून खाली आलो की मात्र माझा जीव भांड्यात पडतो. हे मोकळेपणाने सांगतो, कारण लहान मुलांच्या आईबापांना खेळाची जागा मुलांपेक्षा जास्त हवी असते, हे कुणी बोलत नाही. दिवसभर ‘त्याला हात लावू नकोस’, ‘तिथे चढू नकोस’ म्हणून घसा बसलेला असतो. खाली हात लावायला, चढायला काहीतरी असतं. दुसऱ्या कुणाचं तरी मूलही तसंच मातीत बरबटलेलं दिसतं, आणि आपलंच काही चुकत नाहीये याची खात्री पटते.

मागच्या महिन्यात कुंपणाजवळच्या झाडाखाली मुंग्यांची रांग एका चतुराचा तुटलेला पंख ओढून नेत होती. थोरली तिथे पस्तीस मिनिटं उकिडवी बसली होती. जेवताना पाच मिनिटं जी मुलगी एका जागी टिकत नाही, ती. ‘यांना कोण सांगतं कुठे जायचं?’ तिने विचारलं. मुंग्या जाताना वासाची वाट आखून ठेवतात, मागच्या मुंग्या तो वास घेत येतात, असं मी सांगितलं. पुढचे दोन दिवस ती जमिनीला नाक लावून चालत होती. अजूनही ‘बाबा, आपण काल मुंग्या बघायला जाऊ या’ म्हणते. तिच्या भाषेत ‘काल’ म्हणजे आज सोडून कुठलाही दिवस; ते दुरुस्त करायचं मी सध्या मनावर घेतलेलं नाही.

धाकट्याचं काम याहून कष्टाचं आहे. तो चालायला शिकतोय. अमेरिकेतल्या संशोधकांनी 12 ते 19 महिन्यांची मुलं मोकळेपणाने खेळत असताना त्यांची पावलं मोजली होती. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातली सरासरी अशी : तासाला 2,368 पावलं आणि 17 वेळा पडणं. मी एकदा आवारात मोजून पाहिलं. धाकटा एका तासात एकवीस वेळा पडला, म्हणजे सरासरीच्या पुढेच आहे. पडतो, माझ्याकडे बघतो, माझा चेहरा घाबरलेला नसेल तर उठतो. हे घरात होत नाही. घरात चार पावलांवर सोफा येतो, सहाव्या पावलाला टेबलाचा कोपरा.

आता तुमच्या सूचनेबद्दल.

पहिली गोष्ट ‘शांतपणे’ या शब्दाची. चार वर्षांचं मूल पळताना ओरडतं ते कुणाला त्रास द्यावा म्हणून नाही. आनंद झाला की तो आवाजातून बाहेर पडतो. मनात आलेली गोष्ट अडवून धरण्याची ताकद त्या वयात नुकती कुठे येऊ लागलेली असते. ती पुरती यायला पुढे कितीतरी वर्षं लागतात. ‘शांतपणे खेळा’ हे त्या वयाला सांगणं म्हणजे ‘कोरडं राहून पोहा’ सांगण्यासारखं आहे. जर्मनीत बालवाड्यांच्या आवाजावरून शेजारी कोर्टात जाऊ लागले, तेव्हा तिथल्या संसदेने 2011 मध्ये कायदाच बदलला. पाळणाघरं, बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे पर्यावरणाला घातक उपद्रव मानायचा नाही, असं त्यात लिहिलं. शिस्तीबद्दल ज्या देशाचे दाखले आपल्या सभेत दिले जातात, त्याच देशाची ही गोष्ट.

दुसरं असं की, तुम्ही आवाज बंद केलेला नाही, फक्त वर हलवलाय. सहा वाजून पाच मिनिटांनी ही मुलं घरी येतात आणि पलंगावरून उड्या मारतात. त्याचा हिशेब आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांना द्यावा लागतो. ते सज्जन आहेत, दोनदाच वर आले. दुसऱ्या खेपेला म्हणाले, ‘हे दोघे खाली असायचे तेव्हा बरं होतं.’

आणि उड्या थांबवायला मी काय करतो? मोबाइल देतो. सांगायला लाज वाटते, पण दिवसभराच्या कामानंतर स्वयंपाक करताना एक मूल रडतंय आणि दुसरं कपाटावर चढतंय अशा वेळी मी तो देतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलांना दिवसातून किमान 180 मिनिटं हालचाल हवी; तीन-चार वर्षांच्यांना त्यातली किमान 60 मिनिटं चांगली दमछाक होईल अशी. वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको. तुमचा 5 ते 6 हा तास, त्यात पळायचं नाही, चेंडू नाही, सायकल नाही. दमछाक फक्त आमची होते. शिवाय बहुतेक घरांत माणसं कामावरून परततातच सहाच्या पुढे, हे समितीला ठाऊक नसेल असं कसं मानू?

तिसरी गोष्ट घसरगुंडीची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

आपण राहायला आलो तेव्हा आवाराच्या मागच्या कोपऱ्यात वाळूचा चौकोन होता, दोन झोके होते आणि एक घसरगुंडी होती. आधी वाळू गेली. मांजरं घाण करतात असं कारण दिलं होतं. ते खरंही होतं, पण रात्री ताडपत्री झाकून भागलं असतं. त्या जागी आता दोन मोटारी उभ्या असतात. मग एका झोक्याची साखळी तुटली आणि ‘सुरक्षेसाठी’ दोन्ही झोके काढले. जो तुटला नव्हता तोही. उरली घसरगुंडी. तिचा पत्रा उतरतीच्या टोकाला उचकटला, त्यावर मी वहीत लिहिलं. दोन महिन्यांनी पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिल्यावर माणूस आला, त्याने शिडीच्या पायरीला एक लाल फीत बांधली आणि निघून गेला. त्याला आठ महिने झाले. धाकट्याला ती फीत फार आवडते, रोज ओढतो. अवघ्या सतरा महिन्यांच्या आयुष्यात त्याने आपल्या समितीचं हे एकच बांधकाम पाहिलंय.

आता मला सांगा, खेळायची जागा एकेक करून काढून घेतल्यावर मुलं कुठे खेळणार? गाड्यांच्या मधल्या वाटेवर. आणि मग सूचना निघते की मुलं गाड्यांच्या वाटेत येतात. त्या वाटेवरून कुणी किती वेगाने गाडी न्यावी, याबद्दल सूचनेत एक अक्षर नाही.

बाबागाड्यांबद्दल थोडक्यात. जिन्याखालची जागा अडते हे मान्य. पण एका कडेवर मूल, दुसऱ्या हाताला मूल, खांद्याला पिशवी आणि काखेत बाबागाडी अशी घडी कुणाला जमत असेल तर मला शिकवा. भिंतीला चार मोठे हुक ठोकले की प्रश्न मिटतो. हुक मी आणतो.

‘मातांनी’ या शब्दाबद्दल वर बोललो. त्यात आणखी एवढंच घालतो की आपल्या इमारतीत मुलांना खाली आणणाऱ्यांत आज्या आहेत, आजोबा आहेत, एक मामा आहे, मुलं सांभाळायला येणाऱ्या दोन बाया आहेत. ते सगळेच दमलेले असतात. त्यांना दंडाची भीती घातली की ते एकच करतील, मुलांना खाली आणणं बंद. कदाचित हेच अपेक्षित असेल.

तक्रार करणाऱ्यांची बाजू मला कळत नाही असं समजू नका. मंगळवारी आणि बुधवारी मी स्वतः चार घरी जाऊन विचारून आलो. दुसऱ्या मजल्यावर एक जण रात्रपाळी करून सकाळी झोपतात. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्यांच्या खिडकीच्या जाळीवर चेंडू आदळत होता. हा शुद्ध त्रास आहे, आणि तो थांबलाच पाहिजे. तिसऱ्या मजल्यावर एका घरी आजारपण आहे. तळमजल्यावरच्या आजींकडे गेलो, तेव्हा मी माफीची तयारी करूनच गेलो होतो. त्या म्हणाल्या, ‘मुलांचा कसला त्रास? त्रास होतो तो तुम्हा मोठ्यांचा. चौथ्या मजल्यावरून हाका मारता, खालून उत्तरं देता.’ त्यातल्या हाका आमच्या घरच्या असतात. गुरुवारपासून आम्ही फोन करतो.

चार घरी फिरायला मला दोन संध्याकाळी लागल्या. समितीने हे आधी केलं असतं, तर ही सूचना निघाली नसती असं मला वाटतं.

एक जुनी हकिगत सांगतो, ती तुमच्या कामाची आहे. रोममध्ये सान लोरेन्झो नावाची कष्टकऱ्यांची वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या पडक्या इमारती एका कंपनीने दुरुस्त केल्या आणि कुटुंबांना भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामाला जात. शाळेत जाण्याइतकी मोठी न झालेली मुलं मागे राहत, जिन्यांत धुडगूस घालत, नव्या भिंती खराब करत. म्हणजे तक्रार तीच, आपली. पण त्या मालकांनी सूचना लावली नाही. भिंती पुन्हा पुन्हा दुरुस्त करण्यापेक्षा मुलांना इमारतीतच एक खोली आणि लक्ष ठेवायला माणूस देणं परवडेल, असा सरळ हिशेब त्यांनी केला आणि मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. 6 जानेवारी 1907 रोजी त्या खोलीत पन्नासेक मुलांचं ‘मुलांचं घर’ सुरू झालं. आज जगभर ज्या पद्धतीच्या बालशाळा चालतात, तिचा उगम इमारतीच्या देखभालखर्चात आहे. त्या मालकांना मुलांचा फार कळवळा होता असं नाही. त्यांना फक्त हिशेब नीट येत होता.

आपल्याकडून मी शाळेची अपेक्षा करत नाही. मुलांना खेळण्याचा हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेच्या 31व्या कलमात लिहिलंय, तेही मी सभेत वाचून दाखवणार नाही. कलमं दाखवली की शेजारी शेजारी राहत नाहीत. मागतो ते एवढंच :

सोमवारची सूचना मागे घ्या, लिफ्टमधली आणि फलकावरची, दोन्हीकडची. दंडाची कल्पना कायमची सोडून द्या.

खेळाच्या वेळा पालक, वयस्कर रहिवासी आणि रात्रपाळीवाले यांना एकत्र बसवून ठरवा. दुपारी 2 ते 4 पूर्ण शांतता आणि रात्री 8 नंतर खेळ बंद, याला माझी आत्ताच संमती आहे. इतर सहा घरांनीही मला तोंडी होकार दिलाय. सकाळी आंघोळीआधीचा थोडा वेळही मुलांना मिळावा. दीड वर्षाचं मूल साडेपाचला उठतं आणि त्याला रविवार कळत नाही.

सहा वर्षांखालच्या मुलांच्या छोट्या सायकली आणि मऊ चेंडू चालू द्या. मोठ्या मुलांचा कडक चेंडू खिडक्यांजवळ नको, हे मलाही पटतं.

आवारात गाडी माणसाच्या चालण्याच्या वेगानेच न्यायची, असा फलक फाटकाशी लावा आणि तो समितीच्या सदस्यांनी आधी पाळावा.

घसरगुंडी एका महिन्यात दुरुस्त करा. होत नसेल तर तसं लेखी कळवा, आम्ही पालक वर्गणी काढतो. पण फीत नको.

वाळूच्या जागी उभ्या राहणाऱ्या दोन मोटारी कुणाच्या आहेत हे मी इथे लिहीत नाही. त्या तिथे कोणत्या ठरावाने आल्या, एवढं सभेत सांगा.

झाडाखाली एक बाक टाका. तो मुलांसाठी नाही, आमच्यासाठी आहे. आजींनीही मागितलाय.

सभा संध्याकाळी 7 ते 9 मध्ये ठेवू नका. लहान मुलांच्या घरी ती जेवणाची, रडण्याची आणि झोपवण्याची वेळ असते. तेव्हा सभा ठेवली की आमच्यातलं कुणी येत नाही, आणि मग ‘सर्वानुमते’ ठराव होतात. रविवारी सकाळी ठेवा. मी येईन. दोन्ही मुलं बरोबर असतील, कारण ठेवायला दुसरी जागा नाही. थोडा आवाज होईल.

आपला,
चौथ्या मजल्यावरचा एक बाप

ता. क. थोरलीने खिशातून घरी आणलेल्या दगडांचा एक डबा आमच्याकडे आहे. काल तो रिकामा केला तेव्हा त्यात एक बोल्ट सापडला. ‘हा घसरगुंडीचा आहे, तो पडला होता, मी त्याला सांभाळलं,’ असं तिचं म्हणणं. जाऊन बघितलं, तर खरंच पत्र्याच्या टोकाला एक भोक रिकामं आहे. बोल्ट आमच्याकडे सुरक्षित आहे. दुरुस्तीला माणूस आला की त्याला वर पाठवा.